पावण्याला उडू द्यायचं असतं

काल गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळी पडली. कारखाने सुरू झाले, उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर डुलत निघाल्या आणि धुराड्यातली ती काळी, हलकी, बोटाने पुसायला जावं तर आणखी पसरणारी राख कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत घरोघर पोचली. शेजारच्या वहिनी कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "झाला बघा हंगाम सुरू!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. माझं मात्र डोकं फिरलं. मी चादर ओढून काढली, बादलीत आपटली आणि इतक्या जोराने घासली की वहिनी गुपचूप आत निघून गेल्या.

राग चादरीचा नव्हता. तो गेल्या हंगामाचा आहे, आणि वर्ष होत आलं तरी शिळा झालेला नाही. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, सुमन, एका खेळाचं किती मनाला लावून घेशील? तेही कॉम्प्युटरवरच्या? विमानं खोटी, गोळ्या खोट्या, मेलेला माणूस घटकाभरात पुन्हा धावपट्टीवर उभा. असं कुणी समजावलं की माझा राग जास्तच चढतो. सगळं खोटंच होतं ना? मग खोटंखोटं तरी मला पडू का दिलं नाही?

गेल्या वर्षी मी ह्याच काजळीवरून घसरले. गच्चीवर पाणी ओतून खराट्याने ती लोटत होते, ओली राख शेवाळासारखी निसरडी झाली आणि उजवा पाय घोट्यात मोडला. मी एकटी राहते, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, स्वतःचं स्वतः बघते. पण प्लास्टर घातलेल्या बाईचं कोण ऐकतं? दोन गल्ल्या पलीकडे अण्णाचं घर. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या घरात सीमेवरचं कानडी अर्धं मुरलेलं, म्हणून दादा नाही, अण्णा. त्याची गुळाची अडत. तो रिक्षा घेऊन आला, मला उचललं आणि स्वतःच्या घराच्या पुढच्या सोप्यातल्या कॉटवर नेऊन ठेवलं. मी येते की नाही हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

त्या हंगामाचा वास अजून नाकात आहे. सकाळचे सौदे उरकून अण्णा दुपारी घरी यायचा, तेव्हा त्याच्या सदऱ्याला, केसांना, हाताला नव्या गुळाचा वास असायचा. येताना गुऱ्हाळावरची काकवी बरणीतून आणायचा. गरम भाकरी कुस्करून तिच्यावर काकवीची धार धरायचा आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून म्हणायचा, "खा गं, हाडाला चांगलं असतंय." काकवीने हाड जुळतं की नाही मला माहीत नाही. पण असं भरवणाऱ्या माणसावर रागावणं किती अवघड असतं, हे सांगायला म्हणून त्या ताटाची आठवण काढली.

सोप्याच्या कोपऱ्यात माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर होता. तो नोकरीला पुण्याला गेला आणि विमान चालवायचा दांडा आणि पायाखालची पेडलं मागे ठेवून गेला. अण्णा दुपारी त्याच्यासमोर बसायचा. जेवून वामकुक्षी करायच्या वयाचा अडत्या डोक्याला हेडफोन लावून आकाशात विमानं पाडतो, हे बघून पहिल्यांदा मी पोट धरून हसले होते. पण पडून पडून किती पडणार? एके दिवशी तोच म्हणाला, "बस की, सुमे. तेवढाच येळ जाईल." मी बसले; मग एक डाव त्याचा, एक माझा.

खऱ्या विमानात मी कधी पाय ठेवला नव्हता. वर्गात इतकी वर्षं नकाशे टांगले, नद्या बोटाने दाखवल्या, पण जमीन वरून अशी दिसते हे पहिल्यांदा त्या पडद्यावर पाहिलं. जुन्या महायुद्धातली पंख्याची विमानं होती. खाली डोंगर, समुद्र, ढगांच्या सावल्या आणि कानात माणसांचे आवाज. इंटरनेटवरून कुठून कुठून लोक यायचे. आमची जी तुकडी होती तिचं नाव 'तालीम'. पेठेतल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कुठलं!

तालमीतला सगळ्यात बिनधास्त गडी दस्तगीर. हुपरीचा. घरातच चांदीची पैंजणं बनवतात. त्याच्या मागून घुंगरांचा बारीक आवाज सतत यायचा, म्हणजे दस्तगीर आकाशात आला हे तो बोलण्याआधीच कळायचं. त्याच्याइतकं पडणारं माणूस मी पाहिलं नाही आणि पडल्यावर त्याच्याइतकं हसणारंही नाही. "आक्का, आज मी डोंगराला मिठी मारून आलो!" असं म्हणत पुन्हा तयार.

आमचा 'पावण्यांचा' नियमही त्याचाच. मी येण्याआधीची गोष्ट, पण तालमीत ती सगळ्यांना पाठ होती. आमच्यातल्या कुणीतरी समोरच्या गटातल्या नवख्याला धावपट्टीवरच गाठलं. बिचारं विमान अजून जमिनीवर, चाकं फिरताहेत, आणि वरून गोळ्या. खेळात तसं चालतं, कोण अडवत नाही. पण दस्तगीर उसळला. "आरं, पावण्याला चा न इचारता मारलास व्हय रं?" सगळे हसले आणि मग गप्प झाले. आपल्याकडे अनोळखी माणसालाही पावणं, म्हणजे पाहुणं, म्हणतात. बसमध्ये सरकून घ्यायला सांगताना पावणं, रस्ता विचारताना पावणं. तोंडात इतकं बसलेलं की शब्दाकडे कुणाचं लक्षच नसतं. दस्तगीरने ते वेधलं. तेव्हापासून ठरलं की समोरच्याला एकदा पावणं म्हटलं, की त्याला उडू द्यायचं, उंची घेऊ द्यायची, आणि दोघांत सुरू झालं तर तिसऱ्याने मध्ये यायचं नाही. मग खुशाल पाडा. पंख डुलवून सलामी द्यायची आणि म्हणायचं, "या पावणं."

हळूहळू हा शब्द बाहेर पसरला. ज्यांना मराठीचा गंधही नाही असे लोकही आम्हाला गाठून "पावना, पावना" करायला लागले. मी तर त्यांच्यासाठी आणखीनच कोडं. आमच्या कोल्हापुरी बायका बोलताना 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात. मीही घाईत "आलो आलो!" ओरडायची. परगावचे मराठी लोक विचारायचे, हे बाईच्या आवाजाचे गृहस्थ कोण? दस्तगीर सांगायचा, "गृहस्थ न्हाय, आमच्या आक्का हैत. मागं लागू नगासा."

मला फक्त डावीकडे वळता यायचं. उजवा पाय प्लास्टरमध्ये, उजवं पेडल दाबणार कोण? दांड्याने वळवलं तरी उजवीकडे जाताना विमान आळशी म्हशीसारखं रेंगाळायचं. त्यामुळे मी नेहमी डावीकडे. महिनाभरात सगळ्या गटांना हे माहीत झालं. कोल्हापूरच्या आक्का डाव्या अंगाला जातात, उजवीकडून गाठा. गाठायचे आणि पाडायचे. मी दर दुपारी पडत होते, आणि खरं सांगू, इतकी मोकळी मी आयुष्यात कधी नव्हते.

पडायची मजा ज्याला कळली नाही, त्याला तिथली दुसरी जात कळायची नाही. ही माणसं उंचावर जाऊन बसतात. खाली दोघेजण झुंजत असतील, एकाचं इंजिन धुमसत असेल, तर वरून येऊन टिपायचं आणि मागे न बघता पुन्हा उंचावर. अंगावर कुणी आलं की पळायचं. हरायची वेळ आली तर तार काढून टाकायची आणि नंतर सांगायचं, लाइट गेली. त्यांच्या नावापुढे जिंकल्याचे आकडे असतात मोठे, आणि ते आकडे जपण्यात त्यांचा जन्म जातो. मला ह्या लोकांची शिसारी येते. भित्रेपणाला शहाणपणाचं नाव देणारी ही माणसं मी फक्त पडद्यावर पाहिलेली नाहीत. पोरगी धावताना पडेल म्हणून स्पर्धेत नाव न घालणारे आईबाप दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. काळजी करतात म्हणे! स्वतःच्या जिवाला घोर नको म्हणून दुसऱ्याच्या पायात दोरी बांधायची, आणि तिला म्हणायचं काळजी.

खिलाडूपणा म्हणजे हरल्यावर गोड हसणं, असं आम्ही शाळेत शिकवतो. साफ चूक. समोरच्याला आपल्याला हरवायची पुरी मुभा द्यायची, आणि ती दिल्यावर जीव तोडून लढायचं, ह्याला मी खिलाडूपणा म्हणते. हरायची शक्यता काढून घेतली की उरतो तो नुसता बंदोबस्त.

असा पुरा खिलाडू माणूस मला तिथे एकच भेटला. चिकोडीकडचा. खरं नाव मला आजही माहीत नाही. आम्ही त्यांना चिकोडीकर म्हणायचो आणि ते मला अक्का. आवाज संथ, मराठी कानडी वळणाचं. मला पाडलं की विचारायचे, "अक्का, पाय कसा हाय? प्लास्टर कधी काढणार?" एकदा मी वैतागून म्हणाले, "तुम्ही दर वेळी उजवीकडूनच येता." तर ते म्हणाले, "तुम्ही तिकडं वळत न्हाय, मग मी कुठून यिऊ? वळा की एकदा!"

वळा की एकदा. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

प्लास्टर निघालं तेव्हा घोटा काठीसारखा सुकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वजन द्या. मी अण्णा अडतीवर गेला की टेबलाशी बसायची आणि सरावाच्या रिकाम्या आकाशात उजवं पेडल दाबायची. कळ मस्तकात जायची. डोळ्यात पाणी यायचं. पण विमान वळायचं! वेग कमी करायचा, नाक थोडं उचलायचं, उजवा पाय दाबायचा, की ते जागच्या जागी गिरकी घेऊन मागच्याच्या मागे जाऊन उभं. मी कुणाला सांगितलं नाही. दस्तगीरला नाही, अण्णाला तर नाहीच. तालमीत पोरं डाव राखून ठेवतात तसं मी ते वळण राखून ठेवलं. ह्या मोडक्या पायाने मी एक गोष्ट स्वतःच्या हिमतीवर करू शकते की नाही, एवढं मला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

हंगाम संपत आला होता, बाहेरची काजळी विरळ झाली होती, तेव्हा हिवाळी सामन्यांची शेवटची फेरी आली. आमची तालीम आणि चिकोडीचा गट. रविवारची दुपार. अण्णा भाच्याच्या कॉम्प्युटरवर, मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडून आणलेल्या लॅपटॉपवर, पेडलं माझ्या पायाखाली. ह्या फेरीत पडला तो बाद. दोन्हीकडचे एकेक पडत गेले. दस्तगीर नेहमीसारखा दोघांच्या मधून घुसला, एकाला घेऊनच खाली गेला आणि आता नुसता ऐकत बसला होता. अण्णा म्हणाला, "माझ्या गोळ्या संपल्या. मी उतरतो. माझं झालं." हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वर उरले मी एकटी, आणि समोर दोघे, चिकोडीकर आणि त्यांचा जोडीदार.

दोघांनी मिळून मला मिनिटात संपवलं असतं. मी पंख डुलवले आणि म्हणाले, "या पावणं."

मग चिकोडीकर जोडीदाराला म्हणाले, "तू उतर खाली. अक्कांचं न माझं होऊ दे." आणि तो उतरून सामन्यातून बाहेर पडला. जिंकलेला सामना त्या माणसाने एका शब्दासाठी हवेत उधळला.

आम्ही लढलो. डोंगराच्या कडेने, ढगातून, समुद्रावर. मी डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे; त्यांना वाटावं, अक्का अजून तशाच. शेवटी ते बरोबर माझ्या मागे आले, उजव्या अंगाने, नेहमीसारखे. मला हेच हवं होतं. मी वेग कमी केला. नाक उचललं. उजवा पाय पेडलावर ठेवला, कळ यायला सुरुवात झाली.

आणि मागे गोळ्यांचा आवाज झाला. चिकोडीकरांच्या विमानाचा पंख तुटून माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

अण्णा. धावपट्टीवर उतरून, गोळ्या भरून घेऊन तो पुन्हा उडाला होता. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, मला कळू न देता, ढगामागून.

"वाचलीस!" असं ओरडून त्याने टाळी वाजवली. "पार मागं लागलं होतं ते. पडली असतीस की, सुमे!"

कानात आधी घुंगरांचा आवाज थांबला. मग दस्तगीर हळू म्हणाला, "अण्णा, पावणं म्हटलं होतं आक्कांनी." अण्णा म्हणाला, "आरं, खेळ हाय! जिकलो की!" नियमाने आम्ही जिंकलो होतो, हे खरंच. शेवटी चिकोडीकर बोलले. आवाज चढला नाही. "अक्का, हे बरं न्हाय केलासा." एवढंच. 'केलंत' असंही नाही, आमच्याच गावाकडचं 'केलासा'. मी त्यांना बोलावलं होतं, माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी सोबती दूर केला होता, आणि आता त्यांना वाटत होतं की आम्ही भावाबहिणीने मिळून हे ठरवलं.

अण्णाने तेवढ्यात पेढे मागवले होते. एक माझ्या तोंडाजवळ आणला. मी तो हात झटकला, पेढा भिंतीवर आपटला. "पडले असते तर पडले असते!" मी ओरडले. "तुझं काय जात होतं? तुझं काय जात होतं, अण्णा?" अण्णाची बायको, माझी वहिनी, स्वयंपाकघरातून धावत आली. अण्णा खरोखरच्या आश्चर्याने माझ्याकडे बघत होता. "तुझ्यासाठीच केलं की गं," तो म्हणाला.

तुझ्यासाठीच. हे मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला तत्क्षणी आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने राधानगरीच्या शाळेवर मला मुख्याध्यापिका म्हणून जायला विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. धरण, जंगल, धो धो पाऊस, भाताची खाचरं, जे मी फळ्यावर काढत आले ते सगळं दाराशी. बॅगही काढली होती. आणि अण्णा परस्पर जाऊन संस्थेच्या लोकांना भेटला. बहीण एकटी आहे, तिकडचा पाऊस तिला सोसायचा नाही, रद्द करा. घरी येऊन मलाच अभिमानाने सांगितलं, "तुझं काम करून आलो. तुझ्यासाठीच." तेव्हा मी गिळलं. बाईमाणसाला काळजी करणारा भाऊ आहे ह्याचं सगळ्यांना केवढं कौतुक! मीही ते कौतुक ओढून घेतलं अंगावर. ते राधानगरी जमलं असतं की मी पडले असते, हे मला कधीच कळणार नाही. त्या उजव्या वळणाचंही तसंच. अण्णाला वाटतं त्याने माझी हार वाचवली. हार माझी होती. ती माझ्या हातून काढून घ्यायचा हक्क त्याला कुणी दिला?

त्याच संध्याकाळी मी लंगडत माझ्या खोल्यांवर परत आले. चिकोडीकरांना निरोप धाडला की मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, "विश्वास ठेवतो. या की आमच्यात." मी तालीम सोडली. अण्णाकडे सणावाराला जाते, काकवी खाते, वहिनीशी बोलते. अण्णाशी हवापाण्याचं. तो म्हणतो, "अजून धरून बसलीस व्हय?" हो. बसले आहे धरून.

आज रविवार. चादरीवरचे डाग निघाले नाहीत, तशीच दोरीवर आहे. जेवून मी माझ्या टेबलाशी बसले, माझ्या पेडलांवर पाय ठेवले आणि चिकोडीच्या गटातून वर गेले. तालमीविरुद्ध सामना. खाली धावपट्टीवर एक विमान हळूहळू सरकत होतं, नेम धरायचीही गरज नाही असं. त्यावर अण्णाचं नाव. मी उंचावर, तो जमिनीवर, चाकं फिरताहेत.

"सुमे, तूच न्हवं वर? मी हाय गं, अण्णा. मारू नगंस, येऊ दे वर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ऐक, राधानगरीचं परत निघालंय म्हणं. तू व्हय म्हणालीस? तसं कुणी म्हणतंय व्हय? उद्या जातो मी संस्थेत, बोलतो. तू काळजी करू नगंस."

कानात बारीक घुंगरं वाजत होती. म्हणजे दस्तगीर ऐकत होता. चिकोडीकरही ऐकत असणार. माझं बोट गोळ्यांच्या बटणावर होतं, आणि खोटं कशाला बोलू, दाबावंसं वाटलं.

बोट काढलं. पंख डुलवले. जन्मभर ज्याला मी 'अरे अण्णा' म्हणत आले, त्याला म्हणाले, "या पावणं."

"पावणं?" तो म्हणाला. "कुणाला म्हणतीस, सुमे? मला?"

"तुम्हालाच," मी म्हणाले. "संस्थेत जाऊ नगासा. मी जातोय राधानगरीला. आता वर या. घ्या पाहिजे तेवढी उंची. मधी कोण येणार न्हाय."

बराच वेळ ते विमान धावपट्टीवर तसंच उभं होतं. मला वाटलं, तार काढणार. मग हळूच सुटलं, उचललं गेलं, काजळीच्या कणापासून मोठं होत वर आलं आणि वळून सरळ माझ्या मागे लागलं. उजव्या अंगाने. त्याला माझी डावी बाजू तेवढी माहीत आहे.

मी वेग कमी केला, नाक उचललं आणि उजवा पाय दाबला.